कर्ता ओळखा

मराठी व्याकरणात मुलांना सर्वांत सोपा वाटणारा प्रश्न कोणता, असे मला कुणी विचारले तर मी बेधडक सांगेन, 'कर्ता ओळखा'. क्रियापदातला धातू घ्यावा, त्याला 'णारा' जोडावा आणि 'कोण?' म्हणून विचारावे. खाणारा कोण? राम. पळणारा कोण? चोर. संपले! दोन गुण खिशात. गेली वीस वर्षे मी हे गुण वाटत आलो आहे, आणि आपल्या हातून काही विशेष घडते आहे असे मला कधी वाटले नव्हते.

परवाच्या जुलैतली गोष्ट. लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी चिक्कीच्या दुकानापासून भुशी धरणापर्यंतच पाहिला आहे, त्यांना आमच्या वर्गातल्या पावसाची कल्पना यायची नाही. इथे धुके खिडकीतून आत येऊन मागच्या बाकावर बसते. खडू ओला होतो, फळा घामेजतो आणि हजेरीला मुलांपेक्षा छत्र्याच जास्त असतात. अशा एका दुपारी मी प्रयोग शिकवत होतो. उदाहरणे गावच्या मातीतली असली की मुलांचे लक्ष लागते, हा माझा जुना समज. म्हणून मी फळ्यावर लिहिले, 'इंग्रज येण्यापूर्वी तळेगाव जाळले गेले.'

"कर्ता ओळखा," मी म्हणालो.

वडगावकडून लोकलने येणारी एक मुलगी उठली. "सर, जाळले जाणारे काय? गाव. म्हणून कर्ता गाव."

"शाबास. ह्याला कुणी नवीन कर्मणी म्हणतात, कुणी कर्मकर्तरी. इथे कर्मच कर्त्याच्या जागेवर येऊन बसते."

ती बसली नाही. "पण सर, गाव तर जळलं. जाळणारा कोण?"

"तो वाक्यात नाही."

"वाक्यात नाही. पण होता ना?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि घड्याळाकडे पाहिले. प्राध्यापकाला घड्याळासारखा मित्र नाही. पण त्या दिवशी घरी येताना छत्रीवर पाऊस वाजत होता आणि प्रत्येक थेंब मला तोच प्रश्न विचारत होता.

तळेगावचा जाळणारा कोण, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवण्यासाठी निघाली. माणसे चार हजारांच्या आत आणि सामानाचे बैल मात्र एकोणीस हजार! घाट चढून खंडाळ्याला यायलाच तिला डिसेंबर उजाडला. पुढे कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर शत्रूही इतका खूश, की मावळाने त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून आपल्या बोलीत घेऊन टाकले. जानेवारीत फौज तळेगावी पोहोचली तेव्हा गाव जळालेले होते. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठी फौजेनेच ते जाळले होते. वेळ पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी होती. युक्ती लागू पडली. इंग्रजांनी तोफा तळ्यात लोटल्या, रात्रीच्या अंधारात माघार घेतली आणि वडगावला त्यांची कोंडी झाली. तिथे झालेला तह आपण शाळेत पाठ केलेला असतो.

श्रावणातल्या एका रविवारी मी मुद्दाम वडगावला गेलो. मळवली, कामशेत, कान्हे आणि मग वडगाव. लोकलचे एवढे अंतर कापायला त्या फौजेला दिवसच्या दिवस लागले होते. गावात महादजी शिंद्यांचे स्मारक आहे. इष्टुर फाकड्याचे थडगेही दाखवतात. विजेत्याची आठवण आहे, पराजिताचीही आहे. मी उगाचच तिसरी खूण शोधत होतो. ज्या कुणब्याची कणगी त्या जानेवारीत पेटली, त्याच्या नावाचा दगड कुठे असणार?

इंग्रजांच्या बाजूला पुढे मोठी चौकशी झाली. कंपनीच्या संचालकांनी कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न ह्या तिघांना नोकरीतून काढून टाकले. म्हणजे जाब विचारला गेला म्हणायचा. पण कशाबद्दल? हरल्याबद्दल. आमच्याकडे जिंकल्यामुळे तोही प्रश्न उरला नाही. लढाईतला जाब हा पूर्वापार वरून खाली विचारला जातो. धनी चाकराला विचारतो की माझी फौज का बुडवलीस. कणगी जळालेल्या माणसाने खालून वर मान करून 'माझं घर कुणी पेटवलं?' असे विचारायची सोय कुठल्याच दरबारात नव्हती. युद्धात गाव जळायचेच, असे तोही म्हणाला असेल. जळायचेच! पुन्हा कर्ता नाहीच.

हे सारे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोललो. तो आता पुण्याला वकिली करतो. आठ दिवसांनी त्याने टपालाने एक जाडजूड गठ्ठा पाठवला आणि वर चिठ्ठी, 'सर, हा निकाल वाचा. कायद्याचा आहे, पण तुमच्या विषयाचा आहे.' गणपतीच्या सुटीत मोदकांच्या जोडीला मी तो गठ्ठा घेऊन बसलो. आफ्रिकेतल्या रवांडा नावाच्या, डोंगरांच्या चिमुकल्या देशातला तो खटला होता.

१९९४ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, शंभर दिवसांत, त्या देशात आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. हे वाक्य मी लिहिले आणि थबकलो. 'मारली गेली.' बहुतेक तुत्सी जमातीची आणि त्यांना वाचवू पाहणाऱ्या हुतूंचीही. मारणारे कोण? शेजारी. हातात बहुतेकांच्या कोयते आणि सोटे. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ह्या खटल्यांसाठी एक खास न्यायालय स्थापले. ते शेजारच्या टांझानियात अरुशा गावी बसले. त्यापुढे उभा राहिलेला पहिला मोठा आरोपी होता झां-पॉल अकायेसू, ताबा नावाच्या तालुकावजा भागाचा नगराध्यक्ष.

आणि त्याआधीचा त्याचा धंदा? मास्तर! आधी शिक्षक, मग शाळांचा तपासनीस. इथे मी मोदक खाली ठेवला.

निकालात एक गोष्ट न्यायाधीशांनी प्रामाणिकपणे नोंदली आहे. कत्तल सुरू झाल्यावर पहिले काही दिवस ह्या गृहस्थाने ती आपल्या हद्दीत थोपवायचा प्रयत्न केला होता. १८ एप्रिलला वरिष्ठ सरकारी मंडळींची नगराध्यक्षांबरोबर बैठक झाली. तिथून परतला तो वेगळाच माणूस. दुसऱ्या दिवशी जमलेल्या लोकांना त्याने सांगितले, की शत्रू एकच आहे, त्याचा नायनाट करा. शत्रूसाठी त्याने जो शब्द वापरला तो होता 'इंकोटान्यी'.

आता ह्या शब्दावर न्यायालयात जे घडले, ते माझ्या वकील शिष्याला मला दाखवायचे होते. 'इंकोटान्यी' म्हणजे सीमेवरून लढत आलेले बंडखोर सैनिक. आरोपीने लढणाऱ्यांविरुद्ध बोलण्यात गैर काय? असे म्हटले तर सारा आरोपच उडतो. म्हणून साक्षीला कोण बोलावला? रवांडाच्या विद्यापीठातला भाषाशास्त्राचा प्राध्यापक. त्याने सांगितले, की कोशातला अर्थ एक आणि त्या दिवसांतल्या बाजारातला, रेडिओवरचा, नाक्यावरचा अर्थ दुसरा. 'इन्येंझी' म्हणजे कोशात झुरळ. पण ज्याच्या तोंडी, ज्या प्रसंगी तो शब्द येई, त्यावरून तो तुत्सी माणसाला लावलेला असे. तेव्हा शब्दाचा अर्थ प्रसंगावरून ठरवा. आम्ही हेच वर्गात सांगतो आणि मुले जांभया देतात. तिथे त्याच धड्यावर एका माणसाचा दोष ठरत होता आणि हजारो मृतांना उत्तर मिळत होते.

तेवढ्याने भाषेचा तास संपला नाही. साक्षीदार बोलत किन्यारवांडात. ते फ्रेंचमध्ये जाई, मग इंग्रजीत. स्त्रियांवरच्या अत्याचाराला त्या भाषेत साध्या बायकांच्या तोंडी तीन-चार शब्द. काही आडवळणाचे, काही लाजेचे. आपल्याकडच्या बाया तरी ही गोष्ट सरळ शब्दांत कुठे सांगतात? न्यायाधीशांनी ते शब्द एकेक करून तपासले आणि त्यांचा अर्थ पक्का केला. गंमत म्हणावी की दैव, मूळ आरोपपत्रात हा गुन्हा नव्हताच. साक्षी चालू असताना एक आई बोलता बोलता आपल्या लहान मुलीवर काय गुदरले ते सांगून गेली, आणि तिला पुढचे विचारणारे कुणीतरी समोर बसलेले होते. ह्या तीन न्यायाधीशांत एक स्त्री होती, नवनेथम पिल्ले. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या. मजुरीला नेलेल्या तमिळ माणसांची ही पणती-नात, बापाने बस चालवून वाढवलेली. पुढे आणखी बाया बोलल्या, १९९७ च्या जूनमध्ये आरोपपत्र बदलले.

२ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेला अकायेसू हा जगातला पहिला माणूस. ह्या गुन्ह्याविरुद्धचा जागतिक करार १९४८ चा. पहिला निकाल यायला पन्नास वर्षे लागली. स्त्रियांची विटंबना हे एक जमात संपवण्याचेच हत्यार होऊ शकते, हेही तिथे प्रथम लिहिले गेले. नव्हे, न्यायाधीशांनी लिहिले. शिक्षा झाली जन्मठेप.

मी हे सारे रात्री जेवताना सांगत होतो. आमच्या घरात बातमीचा निकाल भाजी फोडणीला पडण्याच्या वेळात लागतो. "अहो, आफ्रिकेतल्या लढायांचं आपल्याला काय?" ही म्हणाली. मी तिला सिएरा लिओनची आठवण दिली. २००० च्या मे महिन्यात तिथे शांततेच्या कामावर गेलेले आपले दोनशेहून अधिक जवान बंडखोरांच्या वेढ्यात अडकले होते. जुलैत त्यांना सोडवून आणले तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले असतील. पण ज्या म्होरक्यांच्या माणसांनी त्या दिवसांत शांतिसैनिकांवर हात टाकला, त्यांना २००९ साली तिथल्या खास न्यायालयाने त्याबद्दलही दोषी ठरवले. ते किती जणांच्या वाचनात आले?

"बरं," ती म्हणाली, "आणि मोठ्यांचं काय? त्यांना कोण विचारतं?"

बायका चुकीच्या वेळी बरोबर बोलतात. अरुशाच्या न्यायालयाने ९३ जणांवर आरोप ठेवले, पण ते सारे हरलेल्या बाजूचे. जिंकून सत्तेवर आलेल्यांच्या सैनिकांवरही हत्यांचे आरोप होते. त्यांतला एकही तिथे उभा राहिला नाही. २००२ पासून हेगला जे कायमचे फौजदारी न्यायालय चालते, त्याचे सुरुवातीचे आरोपी झाडून आफ्रिकेतले. अमेरिका, रशिया, चीन त्याचे सभासद नाहीत, आणि आपणही नाही. आफ्रिकेतले लोक चिडून विचारतात, की पाप काय आमच्याच खंडात पिकते? हा प्रश्न रास्त आहे. पण दुसरी बाजूही त्यांचीच आहे. चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे ह्याला २०१६ साली जन्मठेप दिली ती सेनेगलमध्ये, आफ्रिकी संघाच्या संमतीने बसलेल्या न्यायालयाने. त्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालणारे होते त्याच्याच तुरुंगातून वाचलेले साधे लोक. रवांडातही बाकीच्या लक्षावधी गुन्हेगारांचा निवाडा 'गचाचा' नावाच्या गावसभांनी केला. त्या नावाचा संबंध गवताशी आहे, ज्यावर बसून गावकी भरते त्या गवताशी. २०१२ पर्यंत अशा १२ हजारांवर सभांनी दहा लाखांहून अधिक प्रकरणे ऐकली. साऱ्याच निवाड्यांत न्याय झाला असे कुणी म्हणत नाही. पण कणगी जळालेला माणूस उभा राहिला आणि त्याने बोट दाखवून विचारले, एवढे खरे.

मला सर्वांत चटका लावून गेली ती एक साधी गोष्ट. त्या खटल्यात साक्षीदार बायकांची नावे नाहीत. त्यांच्या जिवाला धोका होता म्हणून त्यांना नुसती अक्षरे दिली. नाव आहे ते करणाऱ्याचे. आपल्या रोजच्या व्यवहारात नेमके उलटे चालते. ज्याच्यावर गुदरले त्याचे नाव गावभर होते आणि करणारा वाक्यातून अलगद निसटतो.

आता जे सांगायचे ते सांगायला मला एवढी वाट वळून यावे लागले.

अठरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या एका महाविद्यालयात नवा लागलो होतो. नोकरी कायम व्हायची होती. राहायला वसतिगृहातली एक खोली. मेसमध्ये वाढपी म्हणून एक मुलगा होता, असेल सतरा-अठरा वर्षांचा. एका विद्यार्थ्याचे घड्याळ हरवले. त्या रात्री दोघा विद्यार्थ्यांनी त्या पोराला मागच्या पडवीत नेऊन पट्ट्याने मारले. दोघेही बड्या घरचे. मी वर गॅलरीत उभा होतो. दिवा लख्ख होता. मी सारे पाहिले, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले.

पुढे चौकशी समिती नेमली. मला लेखी विचारले. मी लिहून दिले, 'सदर रात्री वसतिगृहाच्या आवारात काही अनुचित प्रकार घडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' समितीतले एक वयोवृद्ध सभासद माझ्या मराठीवर खूश झाले. म्हणाले, "काय नेमकी भाषा आहे!" घड्याळ नंतर गादीखाली सापडले. तोवर पोरगा काम सोडून निघून गेला होता. मी पुढल्या वर्षी कायम झालो.

कुठे वंशसंहार आणि कुठे वसतिगृहाची पडवी! ह्या दोन गोष्टी मी एका तागडीत घालत नाही. तसे करणे म्हणजे त्या बायांचा अपमान. पण व्याकरण एकच आहे. ताबातली ती मास्तरकीतून आलेली असामी १८ एप्रिलच्या बैठकीतून परतली, तेव्हा नोकरी, खुर्ची आणि वरिष्ठ ह्यांचे वजन तिने मनात केले असेल. मी माझ्या कागदावर तेच वजन केले होते. आणि ज्या बाया लाजेचा डोंगर ओलांडून परक्या गावी, परक्या भाषेसमोर उभ्या राहून बोलल्या, त्यांना लिहिता-वाचता येत होते की नाही कोण जाणे. मला मात्र 'नाकारता येत नाही' एवढे अस्खलित लिहिता आले.

गौरी-गणपती गेल्यावर मी एका रात्री कागद घेतला आणि तो जबाब नव्याने लिहिला. चार ओळी झाल्या. मी पाहिले. अमक्याने मारले. तमक्याने धरले. मी दार लावून घेतले. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला ह्या चार ओळींना तीन तास लागले. हिने तो वाचला, काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "आता हा ठेवणार कुठं?"

तेव्हाच्या एका सहकाऱ्याकडून त्या मुलाचा पत्ता लागला. त्या गावच्या स्टेशनाबाहेर त्याची चहा-वड्याची गाडी आहे. दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी गेलो. केस पांढरे होऊ लागले होते, पण मी ओळखले. चहा घेतला. गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी नाव सांगितले आणि त्या रात्रीचे बोलायला लागलो. माझी प्रस्तावना लांबत चालली तेव्हा त्याने हात पुसत मला थांबवले.

"सर, तुम्ही वर गॅलरीत होता ना? मला माहीत आहे. मी वर बघितलं होतं तेव्हा."

अठरा वर्षे मी समजत होतो की मी पाहिल्याचे कुणाला ठाऊक नाही!

मी कागद पुढे केला. त्याने तो उभ्या उभ्या वाचला, सावकाश, ओठ हलवीत. दोन नावांशी थांबला. मग घडी घालून गल्ल्याच्या डब्यात नोटांच्या खाली ठेवला. "पोरगी आहे माझी, आठवीत. घड्याळाची गोष्ट तिला कुणीतरी वाकडी करून सांगितली होती," तो म्हणाला. "तिला वाचायला देतो."

माफीबद्दल तो काही बोलला नाही, आणि मागायचे धैर्य मला झाले नाही. मी दहाची नोट ठेवली. त्याने ती घेतली आणि सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

दिवाळीच्या सुटीआधी शेवटचा तास होता. त्या मुलीने पुन्हा विचारले नाही. तिच्या वयाला दुसरे पुष्कळ प्रश्न असतात. मीच फळ्यावर जुने वाक्य लिहिले आणि त्याच्याखाली दुसरे, 'मराठी फौजेने तळेगाव जाळले.' वर्गात जरा चुळबुळ झाली. आपल्याच बाजूचे नाव असे फळ्यावर आलेले कुणाला आवडते?

"कर्ता ओळखा," मी म्हणालो. ह्या वेळी मी घड्याळाकडे पाहिले नाही.